विषय क्रमांक एक

“मॅडम, तुमचं अक्षर छान आहे,” असं म्हणून साहेबांनी पंधरा वर्षांपूर्वी मीटिंगची वही माझ्यापुढे सरकवली. टेबलाभोवती अकरा पुरुष आणि मी एकटी बाई. माझं अक्षर त्यांनी कधी पाहिलं, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. पुढे वही जाऊन लॅपटॉप आला, अक्षराचा संबंध संपला, टेबलाभोवती आणखी दोघी आल्या. मिनिट्स लिहायचं काम मात्र माझ्या पदराला गाठ मारल्यासारखं राहिलं ते राहिलंच.

आमचा कारखाना चाकणला. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवतो. दर सोमवारी साडेदहाला प्रॉडक्शन, क्वालिटी, परचेस, स्टोअर्स असे सगळे कॉन्फरन्स रूममध्ये बसतात. पंतनगरच्या प्लांटवरचे दोघं पडद्यावर असतात, महिन्यातून एकदा जर्मनीचा ग्राहकही असतो. तास-सव्वा तास बोलणं होतं. ते दोन पानांत बसवायचं, कोणी काय आणि कधीपर्यंत करायचं त्याचा तक्ता खाली जोडायचा आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांना मेल टाकायचा. गेल्या जूनमध्ये साहेब म्हणाले, “हे आता एआयला देऊन टाकू. कुठलं टूल घ्यायचं ते तुम्हीच बघा. तुमच्याइतका अनुभव कुणाला आहे?” गादीवर बसलेल्यालाच दत्तक शोधून आणायला सांगावं, तसा तो मामला होता.

बाजारात फिरले तर आधी नावांचीच मौज. ऑटर म्हणजे पाणमांजर, फायरफ्लाइज म्हणजे काजवे, फॅदम म्हणजे पाण्याची खोली मोजायचं आपलं वाव, आणि ग्रॅनोला तर चक्क सकाळचा नाश्ता. शिवाय झूम, टीम्स आणि गूगल मीट यांनी आपापल्या पोटातच असा एक कारकून बसवलेला. त्यांतले तीन मी निवडले आणि प्रत्येकाला तीन-तीन आठवडे राबवून पाहिलं. कोणते ते सांगत नाही. सहा महिन्यांत यांच्या खोडी बदलतात. आमच्या खोडी जुन्या आहेत, आणि सांगायचंय ते त्यांच्याबद्दल.

पहिला कारकून पाहुण्यासारखा मीटिंगला यायचा. पडद्यावर आमच्या चौकटींशेजारी त्याचीही एक काळी चौकट, खाली नाव. दुसरा आम्ही आधीपासून पैसे भरत होतो त्याच सॉफ्टवेअरमधला, म्हणजे फुकटात पडल्यासारखा. तिसरा दिसायचाच नाही. माझ्या लॅपटॉपला कान लावून बसायचा, आणि मी दोन-चार शब्द टिपले की त्यांच्याभोवती बाकीचा मजकूर भरायचा. मी परचेसची बाई. तिघांचा तक्ता केला: माणशी महिना दर, आवाज कुठल्या देशात साठवणार, किती दिवस ठेवणार, त्यावर आपलं यंत्र शिकवणार का, पुसायला सांगितलं तर खरंच पुसणार का. जर्मन ग्राहकाशी आमचा गोपनीयतेचा करार आहे. त्याच्या ड्रॉइंगवरची चर्चा कुठल्या तरी सर्व्हरवर वर्षभर पडून राहिली तर उत्तर मलाच द्यावं लागणार होतं. इथपर्यंत काम सोपं होतं. पंपाची कोटेशनं मागवतो तसंच.

खरी गंमत मजकूर वाचायला लागल्यावर सुरू झाली. यंत्राच्या कामाच्या तीन पायऱ्या असतात: आवाजाची अक्षरं करायची, कुठलं वाक्य कुणाचं ते ओळखायचं, आणि मग सगळ्याचा सारांश काढायचा. जो तो आपापल्या लॅपटॉपसमोर बसलेला असला की दुसरी पायरी सोपी. आमच्या खोलीत टेबलाच्या मधोमध एकच माइक, डोक्यावर घरघरणारा एसी. यंत्राने आमचे ‘वक्ता १’, ‘वक्ता २’ असे पाच वक्ते केले. त्यातला वक्ता ४ म्हणजे मी, क्वालिटीतली मुलगी आणि चहा घेऊन आलेले मामा असे तिघं मिळून होतो. त्या दिवशीच्या सारांशात वक्ता ४ ने प्लेटिंगच्या जाडीवर चिंता व्यक्त केली, पुरवठादाराचं बिल रोखून धरलं आणि साखर कमी हवी का, असं विचारलं.

पहिली पायरी त्याहून अवघड, कारण आमची भाषा. एका वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी आम्ही मिसळीवर फरसाण टाकावं तशी टाकतो. अशा यंत्रांपैकी ज्याची घडण जाहीर झालेली आहे त्या व्हिस्परचंच पाहा. ओपनएआयने २०२२ साली ते बाहेर काढलं तेव्हा ६,८०,००० तासांच्या आवाजावर ते शिकलेलं होतं. त्यातले १,१७,००० तास इंग्रजीखेरीजच्या ९६ भाषांनी मिळून वाटून घेतलेले. एवढ्या भाऊबंदांत मराठीच्या वाट्याला काय येणार? नंतर यंत्रं खूप सुधारली आहेत, हेही खरं. शब्द चुकण्याची माझी तक्रार तिसऱ्या आठवड्यापर्यंत जवळजवळ संपली होती. उरली ती शब्द बरोबर येऊनही चुकण्याची.

एका सोमवारी स्टोअर्सचे दादा म्हणाले, “उद्या डिस्पॅच होऊन जाईल बहुतेक, पण बुशचं मटेरियल गेटवर अडकलंय, बघू.” सारांशात आलं: ‘उद्या डिस्पॅच होईल. बुशच्या मटेरियलचा आढावा घेतला जाईल.’ एकही शब्द पदरचा नाही, तरी सगळं खोटं. ‘बहुतेक’ गळलं आणि ‘बघू’चा आढावा झाला. अहो, मराठी माणूस तोंडावर ‘नाही’ कधी म्हणतो? तो ‘बघू’ म्हणतो. ‘बघू’ जरा लांबवलं तर नाही, तुटक म्हटलं तर अजिबात नाही, आणि ‘बघतो मी’ म्हटलं तर थोडीफार आशा. दादांचं ‘बघू’ खाली उतरत गेलं होतं. खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं आणि प्रॉडक्शनने तिथल्या तिथे ग्राहकाला तारीख पुढे ढकलल्याचं कळवायचं मनाशी ठरवून टाकलं. कुणी काही बोललं नाही, म्हणून यंत्रालाही काही कळलं नाही.

तसंच ‘आपण’चं. आमच्या साहेबांचं आवडतं वाक्य, “आपण हे गुरुवारपर्यंत करून टाकू.” हे म्हणताना ते ज्याच्याकडे बघतात, त्याने ते करायचं असतं. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा वगळला जातो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो; मराठीने हा भेद फार प्रेमाने राखला आहे आणि कार्यालयांनी त्याचा फार हुशारीने फायदा घेतला आहे. यंत्राने लिहिलं, ‘जबाबदारी: संपूर्ण टीम.’ संपूर्ण टीमची जबाबदारी म्हणजे कोणाची, हे ज्याने सार्वजनिक नळ गळताना पाहिला आहे त्याला सांगायला नको.

आणि एकदा वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला पाऊण मिनिट लागतं, तेवढा वेळ अंधारात सगळे गप्प. माझा लॅपटॉप बॅटरीवर जागा होता, कारकूनही जागा होता. नंतर पाहते तो त्या पाऊण मिनिटाच्या जागी मजकूर: ‘पाहिल्याबद्दल धन्यवाद.’ व्हिडिओखालच्या अक्षरपट्ट्या वाचून शिकलेल्या यंत्राला बोलणं थांबल्यावर पुढे काय येतं ते तोंडपाठ असतं. आम्ही हसलो. पण अमेरिकेतल्या संशोधकांनी व्हिस्पर तपासून २०२४ साली निष्कर्ष छापले, त्यांत शंभरातल्या साधारण एका तुकड्यात कोणीही न बोललेली वाक्यं सापडली होती; आणि ज्यांना आजारामुळे अडखळत, थांबत बोलावं लागतं त्यांच्या बाबतीत हे जास्त होत होतं. थांबा आला की यंत्राला रिकामी जागा सोसवत नाही. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची गोष्ट सांगतात ना, महाराजांनी सांगितलेलं पत्र लिहायला सवड झाली नव्हती, तर त्यांनी कोरा कागद हातात धरून सगळा मजकूर घडाघडा वाचून दाखवला. आमचा कारकूनही कोरा कागद वाचतो. फरक एवढाच, की चिटणिसांना कागद कोरा आहे हे माहीत होतं.

इथपर्यंत माझी मान ताठ होती. आपल्याशिवाय यांचं चालणार नाही, असं वाटायला लागलं होतं. मग तक्त्यात ‘मुद्दा सुटणे’ असा एक रकाना करून मी यंत्राने काय काय गाळलं ते नोंदवायला बसले, आणि हात थांबला. मी काय काय गाळलं होतं?

२०१६ साली बिजागऱ्यांचा एक अख्खा लॉट ग्राहकाने परत पाठवला. भोकाचा व्यास जास्त होता. सोमवारच्या मीटिंगमध्ये निवृत्तीला आलेले टूलरूमचे काका उभे राहिले. आमच्याकडे बोलताना कोणी उभं राहत नाही. खिशातून व्हर्नियर काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “चूक माझीच आहे. मला याच्यावरच्या रेघा दिसत नाहीत आताशा. लाजेनं बोललो नाही.” खोलीत कुणी हललं नाही. मी लिहिलं: ‘मोजमापातील त्रुटीमुळे लॉट नाकारण्यात आला. मोजणीची साधने बदलण्यात येतील.’ पुढच्या आठवड्यात आकडे दाखवणारे डिजिटल व्हर्नियर आले. काका आठ महिन्यांनी नारळ आणि शाल घेऊन सन्मानाने घरी गेले. ‘नाकारण्यात आला’, ‘बदलण्यात येतील’ या सरकारी कर्मणी प्रयोगाला सगळे हसतात. त्या दिवशी तो प्रयोग एका माणसाच्या अंगावरच्या शालीसारखा उपयोगी पडला.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. त्यानंतर दोन वर्षांनी क्वालिटीतल्या एका नवख्या मुलाने मीटिंगमध्ये म्हटलं, की नव्या पुरवठादाराचं प्लेटिंग मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत टिकणार नाही असं त्याला वाटतं. पुरवठादार साहेबांनी आणलेला होता. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, “हे काही लिहायची गरज नाही.” मी नाही लिहिलं. चार महिन्यांनी तक्रारी आल्या, गंजलेल्या बिजागऱ्यांचे फोटो आले, आणि त्याच टेबलावर त्या मुलाला विचारलं गेलं, “तू तेव्हा का बोलला नाहीस?” त्याने माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं. दिवाळीच्या आधी तो नोकरी सोडून गेला.

एक गाळणं दयेचं, एक भित्रेपणाचं. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. आणि मला कबूल करावं लागलं, की यंत्र असतं तर काकांची लाज सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये गेली असती, पण त्या मुलाचं वाक्यही गेलं असतं. यंत्राला साहेबांची भीती नाही.

ही निर्भयता किती मोलाची असू शकते ते माझ्या माहेरच्या गावात बसल्यावर कळतं. ग्रामसभेचं प्रोसिडिंग कसं लिहिलं जातं ते गावाकडच्यांना सांगायला नको: सह्या आधी, मजकूर मागाहून. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. पाण्याच्या टाकीबद्दल दोन बायका भांडून भांडून बोललेल्या असतात, त्यांचा मागमूस नसतो. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ‘सभासार’ नावाचं साधन आणलं. ‘भाषिणी’ या सरकारी भाषांतर-यंत्रणेच्या आधाराने ते ग्रामसभेच्या ध्वनिमुद्रणातून इतिवृत्ताचा मसुदा काढतं. सुरुवात त्रिपुरातून झाली. ते वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार त्या दोन बायकांचा आला. यंत्राने त्यांचा शब्द न् शब्द चुकीचा लिहिला तरी चालेल, पण कोणीतरी बोललं होतं एवढं तरी कागदावर येईल.

तरी यंत्राच्या निर्भयतेला डोळे नाहीत, हे त्याच महिन्यात कळलं. मीटिंग सुरू व्हायच्या आधी, खुर्च्या ओढल्या जात असताना, क्वालिटीतली मुलगी मला हळूच म्हणाली, “मंगळवारी आईचं डायलिसिस आहे, मी दुपारी निघेन.” पाहुणा कारकून तोवर येऊन बसला होता. मीटिंग संपताक्षणी त्याने न विचारता सगळ्या निमंत्रितांना सारांश पाठवला, आणि कामांच्या तक्त्यात चौथ्या ओळीवर होतं: ‘मंगळवार: आईचे डायलिसिस. जबाबदारी: वक्ता ४.’ चौदा जणांना गेलं ते. ती हसली, म्हणाली, “बरं झालं, आता विसरणार नाही.” पण त्यानंतर मीटिंगच्या आधी खोलीत कोणी काही बोलेनासं झालं. आणि मीटिंगमध्ये सगळे आकाशवाणीवर आल्यासारखे शुद्ध बोलायला लागले. खरी मीटिंग दहा वाजता गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर व्हायची. साडेदहाची नुसती तिची रेकॉर्ड वाजवायची.

उत्तर मला अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडलं, आमच्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे बटाटेवड्यांचा वास, आणि सेक्रेटरी काका वाचताहेत: “विषय क्रमांक एक. मागील वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.” जन्मभर हे वाक्य ऐकलं आहे. त्यावर “मंजूर, मंजूर” असं ओरडायचं असतं, म्हणजे वडे लवकर येतात. त्या दिवशी मला त्यातला ‘कायम करणे’ हा शब्द पहिल्यांदा ऐकू आला. म्हणजे तोवर ते कायम नसतं! लिहिणाऱ्याने लिहिलं म्हणून ते खरं होत नाही. जे हजर होते त्यांच्यासमोर ते मोठ्याने वाचायचं, कुणाची हरकत असेल तर ती ऐकायची, आणि मगच ते कायम करायचं. आपल्या पूर्वजांनी सभेचा पहिला विषय असा ठेवला, कारण कारकून कसा असतो ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कायद्यालाही ते ठाऊक आहे. संचालक मंडळाच्या सभेचं इतिवृत्त तीस दिवसांत नोंदवून सहीनिशी ठेवावं असं कंपनी कायदा २०१३ च्या ११८ व्या कलमात आहे. आणि सचिवीय मानकाप्रमाणे त्याचा मसुदा आधी पंधरा दिवसांत संचालकांकडे जातो, त्यांना हरकत सांगायला सात दिवस मिळतात. त्याहून जुना दाखला हवा तर तेराव्या शतकात जावं लागेल. म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या, ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना विचारून विचारून. ती मूळ पोथी धामधुमीत गेली, मागच्यांनी आठवणींतून पुन्हा उभी केली, आणि आठवणी जुळेनात तेव्हा महानुभावांनी वेगळा पाठ फेकून दिला नाही. त्याला ‘वासना’ म्हटलं आणि जपून ठेवलं. आमची सोमवारची मीटिंग म्हणजे काही लीळाचरित्र नव्हे. पण मराठी गद्याच्या उंबरठ्यावरच ‘मला हे असं आठवतं’ म्हणणाऱ्याला जागा आहे, आणि आमच्या दोन पानांत नव्हती, हे मला लागलं.

मी तिसरा कारकून निवडला. अचूकपणात तो दुसरा होता आणि दरात पहिला, म्हणजे सगळ्यात महाग. त्याचा एक गुण मला बाकी सगळ्यांवर भारी वाटला: माणसाने बटण दाबल्याशिवाय तो कुणाला काही पाठवत नाही. सोबत एका पानाची नियमावली जोडली. मीटिंग सुरू झाल्याचं सांगितल्याशिवाय ध्वनिमुद्रण सुरू करायचं नाही. मजकुरावर ‘मसुदा’ असंच लिहायचं. तो तपासायची पाळी महिन्याला बदलायची, पुरुषांचंही अक्षर छान असतं. इतिवृत्त कायम झालं की आवाज पुसून टाकायचा. आणि दर सोमवारी विषय क्रमांक एक ठरलेला. साहेब म्हणाले, “पाच मिनिटं फुकट जातील.” मी म्हटलं, “बघू.”

पहिल्या महिन्याची पाळी मी घेतली. दुसऱ्या सोमवारी मसुदा वाचत होते: “पावडर कोटिंगचे काम नव्या पुरवठादाराकडे देण्यास सर्वांनी सहमती दर्शवली.” पुढच्या ओळीवर जाणार, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. सांगलीहून नुकताच आलेला डिप्लोमाचा पोरगा. “मॅडम, मी सहमती नव्हती दिली. मी गप्प होतो.”

“मग तेव्हाच बोलायचं ना,” साहेब म्हणाले. तो पुन्हा गप्प झाला. एसी घरघरत होता. मी लॅपटॉपकडे न बघता साहेबांकडे बघत राहिले. त्यांनी घड्याळ पाहिलं, पेनाचं टोपण लावलं, काढलं, आणि म्हणाले, “लिहा मग, गप्प होता म्हणून.” मी ‘सर्वांनी’ खोडून ‘उपस्थितांपैकी सहा जणांनी’ लिहिलं आणि खाली एक ओळ वाढवली. दहा एकेचाळीसला विषय क्रमांक दोन सुरू झाला.

संध्याकाळी त्या दिवशीचा नवा मसुदा उघडला. पहिल्याच परिच्छेदात यंत्राने ती पाच मिनिटं एका वाक्यात आटोपली होती: ‘मागील इतिवृत्तात किरकोळ दुरुस्ती करण्यात आली.’ वाक्य स्वच्छ होतं, व्याकरणात चूक नव्हती. मी त्यातला ‘किरकोळ’ खोडला.